समुद्रफुलाचं शिळं पाणी

अण्णा, आधी बातमी. तुमचं समुद्रफूल जिवंत आहे.

पत्रकात महत्त्वाची गोष्ट पहिल्या ओळीत यायला हवी, माणूस दुसरी ओळ वाचेलच याची खात्री नसते, हे तुम्ही मला नववीत असताना शिकवलंत. म्हणून तिला पहिली जागा दिली. तुम्ही गेलात त्या दुपारी ते मिटलेलंच होतं. ते जगेल की नाही हे तेव्हा तुम्हालाही माहीत नव्हतं आणि मलाही. आता मला माहीत आहे. गेले दोन दिवस मी घरात नीट श्वास घेते आहे. तुमच्या जाण्याचं दुःख आत्ता कुठे सुरू झालंय. त्याआधी दुःखाच्या जागी नुसती भीती बसली होती, की अण्णा गेले आणि त्यांच्या हयातीत, त्यांच्याच घरात, त्यांचं फूल मी मारलं.

लोक भेटायला येतात. कॉलेजातले येतात, चळवळीतले येतात. तुम्ही रात्रशाळेत शिकलात, मोर्चात सगळ्यात पुढे असायचात, तुमचं अक्षर छापल्यासारखं होतं, असं सांगतात. सगळं खरं आहे. पण तुमच्या शेवटच्या अकरा दिवसांत आपल्या दोघांमध्ये काय चाललं होतं, ते त्यांच्यातल्या कुणालाच माहीत नाही. मला तेवढंच लिहायचंय.

मी सात-आठ वर्षांची असताना एका शनिवारी तुम्ही मला कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात नेलं होतंत. तुम्ही तिथे परिचर होतात आणि शनिवार हा बाटल्या पुसायचा दिवस होता. कपाटं भरून बाटल्या: साप, विंचू, खेकडे, सगळे फॉर्मलिनमध्ये. एका बाटलीत राखाडी रंगाचा, चघळून टाकलेल्या सुपारीसारखा गोळा होता. मी विचारलं, हे काय आहे?

"समुद्रफूल."

"हे फूल?"

"उघडलं की फूल. हे मिटलेलं हाय."

"कधी उघडतं?"

"बाटलीत घातल्यावर न्हाई उघडत, सुजे."

मग तुम्ही ती बाटली पुसून परत कपाटात ठेवलीत. बाकीच्या बाटल्यांपेक्षा जरा पुढे ठेवलीत, एवढं मला आठवतं. पुढे कधीतरी तुम्हीच सांगितलंत, की सर मुलांना दरवर्षी शिकवायचे, हा प्राणी फुलासारखा उमलतो, त्याच्या पाकळ्या म्हणजे त्याचे हात. तुम्ही मागे फडकं घेऊन उभे असायचात. एकदा तुम्ही सरांना विचारलंत, सर, उमलतो म्हंजे कसा? सर हसून म्हणाले, "अहो, मीही पुस्तकातच पाहिलाय." तुम्ही हे सांगून हसत होतात. मला त्या वेळी हसू आलं नाही. राग आला. मला तेव्हा सगळ्याचाच राग यायचा, आणि त्यातला बराचसा तुमच्याच पत्रकांमधून आलेला होता.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मुलांची सहल कोकणात गेली. दरवर्षी तुम्हीच बादली आणि चिमटे घेऊन जायचात, खडकातले प्राणी काढून बाटल्यांत घालायचात. त्या वर्षी ओहोटीच्या वेळी, एका खाचेतल्या पाण्यात हाताएवढ्या दगडाला धरून बसलेलं एक समुद्रफूल तुम्ही दगडासकट उचललंत आणि फॉर्मलिनमध्ये न घालता समुद्राच्या पाण्याच्या कॅनमध्ये ठेवलंत. नगरपर्यंतच्या सबंध प्रवासात तुम्ही पेल्याने ते पाणी वर काढून पुन्हा वरून कॅनमध्ये सोडत होतात, त्याला हवा मिळावी म्हणून. पोरं चिडवत होती, "अण्णा, चहा गार करताय का?" तुम्ही म्हणालात, "व्हय, पाव्हण्याचा हाय."

मग आपल्या दोन खोल्यांत काचेची पेटी आली. तळाला शिंपल्यांचा चुरा. एक हवेचा पंप, त्याची घरघर. समुद्राचं पाणी आणून देणारे इस्माईलभाई. त्यांचा मासळीचा टेम्पो मुंबईहून बर्फ घेऊन नगरच्या बाजारात यायचा, आणि मागच्या कोपऱ्यात तुमचे दोन कॅन असायचे. बंदरातलं पाणी नको, त्यात तेल असतं, बाहेरच्या किनाऱ्यावरचं आणा, अशी तुमची अट. ते म्हणायचे, "अण्णा, सारं नगर माझ्याकडं पापलेट मागतं, तुम्ही एकटे पाणी मागता."

तिसऱ्या सकाळी ते उघडलं. तुम्ही एवढ्या जोरात हाक मारलीत की आईला वाटलं पेटी फुटली. ती पदराला हात पुसत आली आणि बघतच राहिली. "अगं बाई, ह्ये तर करडईच्या फुलावानी हाय," ती म्हणाली. पेटीसमोर उकिडवे बसून राहिलात. एकतीस वर्षं पुसलेल्या बाटलीचं उत्तर तुमच्यासमोर हलत होतं. मला ते त्या वेळी समजलं नाही, अण्णा. मी चहा पिऊन पत्रकं वाटायला सुप्याला निघून गेले.

त्याची सगळी शिस्त तुम्ही स्वतः शोधून काढलीत. आठवड्यातून दोनदा कोळंबीचा चिंचोक्याएवढा तुकडा, जास्त नाही, नाहीतर पाणी नासतं. हात घालायचा तर साबणाचा नको. सकाळचं ऊन खिडकीतून तिरपं यावं, थेट नको. आणि पाण्याची पातळी. नगरच्या कोरड्या हवेत पाणी रोज दोन बोटं उडून जायचं. मी म्हणाले, "समुद्राचं पाणी कमी झालंय, तर समुद्राचंच घाला ना." तुम्ही म्हणालात, "उडतं ते नुसतं पाणी. मीठ उडत न्हाई, ते आतच ऱ्हातं. वरून अजून खारं घातलं तर ते मिठात मरंल." म्हणून तुम्ही काचेवर बाहेरून, मोर्चाच्या फलकाच्या उरलेल्या निळ्या रंगाने एक रेघ ओढलीत. रोज रेघेपर्यंत गोडं पाणी. तेही दोन दिवसांचं शिळं, नळाच्या पाण्यातलं औषध उडून गेलेलं. त्यासाठी खिडकीखाली पांढरा प्लास्टिकचा कॅन. एप्रिलमध्ये घरातला एकुलता एक पंखा पेटीकडे तोंड करून लावलात आणि आम्हाला पुठ्ठे दिलेत वारा घ्यायला. आई म्हणाली, "पुढल्या जल्मी मलाबी समुद्रातच घाला."

आता भांडणाबद्दल. ते अर्धंच राहिलंय, आणि तुम्ही गेलात म्हणून मी ते सोडणार नाही.

मी जामखेडहून आले होते. तुमच्याच तालुक्यातून, तुमच्याच गावाच्या शेजारून. टँकर आला की बाया कशा पळतात ते बघून आले होते. एक म्हातारी टँकरच्या तोटीखाली सांडलेलं पाणी पदराने टिपून हंड्यात पिळत होती. घरात पाऊल टाकलं तर तुम्ही लोटा घेऊन पेटीत पाणी ओतत होतात.

"अण्णा, लाज वाटत नाही?"

"कशाची?"

"तुमच्या गावच्या बाया टँकरमागे धावतायत, आणि तुम्ही शोभेच्या जनावराला पाणी पाजताय!"

"पेटीतलं पानी कुनाला पिता येत न्हाई, सुजे. कुनाच्या तोंडचं काढलेलं न्हाई."

"वरून ओतताय ते तर पिता येतं ना! आणि पिण्याचा प्रश्नच नाही. तत्त्वाचा आहे!"

"बरं. तत्त्व सांग."

मी सांगितलं. चांगलं पंधरा मिनिटं सांगितलं. तुम्ही लोटा हातात धरून ऐकत होतात. शेवटी मी म्हणाले, शिवाय तुम्ही त्याला कैद केलंय. त्यावर पहिल्यांदा तुमचा आवाज चढला. "आन् बाटलीतलं? ते काय स्वातंत्र्य हुतं व्हय? इतकी वर्सं मी माज्या हातानं शेकडो जीव औषधात बुडिवले. तवा तुजी पत्रकं कुटं गेल्ती?"

मी त्या संध्याकाळी टँकरवरच्या पत्रकाचा मजकूर लिहिला आणि त्यात एक ओळ घातली: "शोभेसाठी पाणी नासणाऱ्यांनो, शरम बाळगा." पत्रकं नेहमी तुम्हीच सायक्लोस्टाइल करायचात. तुम्ही मजकूर वाचलात, चष्मा काढलात.

"ही वळ माज्यावर हाय का?"

"असली तर?"

"असली तर नाव लिही. नाव न घेता शिवी द्यायची न्हाई. आन् किती पानी त्ये बी लिही. रोज दीड लोटा. छापल्यालं खोटं असू नये, आन् मोघम बी असू नये."

नाव लिहायची माझी हिंमत झाली नाही. ओळही मी काढली नाही. तुम्ही ती तशीच स्टेन्सिलवर उतरवलीत आणि स्वतः हँडल फिरवून पाचशे प्रती काढून दिल्यात. बोटांना शाई लागली होती, ती घासून घासून धुतल्याशिवाय तुम्ही पेटीजवळ गेला नाहीत.

मला अजूनही वाटतं की त्याला किनाऱ्यावरून उचलून आणायला नको होतं. हे मी तुमच्या फोटोसमोर उभी राहून म्हणू शकते. पण तुम्ही त्या रात्री जेवताना आणखी एक गोष्ट म्हणाला होतात आणि तिला मी उत्तर दिलेलं नाही. तुम्ही म्हणालात, "आपन भाकरी मागितली, पानी मागितलं, जमीन मागितली, शाळा मागितली. बराबर मागितलं. पन एखादी चीज नुसती बघावी वाटली, तर त्ये मागायचं का न्हाई?" मी म्हणाले, आधी पहिल्या चार गोष्टी मिळू देत. तुम्ही म्हणालात, "तवर मी मरंन." हे तुम्ही कुरकुर म्हणून नाही, हिशोबी माणसासारखं म्हणालात. मी ते हसण्यावारी नेलं.

मग तुमच्या छातीत दुखायला लागलं आणि आपण हॉस्पिटलात गेलो. खाटेवर टेकल्यावर तुम्ही मला सांगितलेली पहिली गोष्ट: "रेघेपतूर पानी. दोन दिवसांचं शिळं. इसरू नको."

मी विसरले नाही. तिथेच घोटाळा झाला. तुम्हाला नेलं त्या गडबडीत कुणीतरी खिडकीखालचा कॅन रिकामा करून टाकला होता. नळ एक दिवसाआड. ताजं पाणी घालायचं नाही, हा नियम. मी घरभर शोधलं, दोन दिवसांचं शिळं पाणी एकाच भांड्यात होतं: आईच्या तांब्याच्या हंड्यात. कुणीतरी आईला सांगितलं होतं की तांब्यातलं पाणी आजाऱ्याला चांगलं, म्हणून तिने हंडा चिंच-मीठ लावून लखलखीत घासला होता आणि तुमच्यासाठी भरून ठेवला होता. तो हंडा आपल्या घरात काय आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. ज्या आईला लहानपणी गावच्या विहिरीवर दुसऱ्याने वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घ्यावं लागलं, तिने शहरात आल्यावर घेतलेलं ते पहिलं मोठं भांडं. आपल्या घरात त्याच्यापेक्षा स्वच्छ पाणी कुठे असणार? मला तर उलट बरं वाटलं. वाटलं, एवढं भांडले मी, आता तुमच्या फुलाला घरातलं सगळ्यात चांगलं पाणी देते आहे.

पाच दिवस दिलं. रेघेपर्यंत, अगदी नेमकं.

दुसऱ्या दिवशी त्याचे हात आखडले. तिसऱ्या दिवशी ते पूर्ण मिटलं. राखाडी, चिवट गोळा. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला तुमची ती बाटली दिसली.

आणि मी हॉस्पिटलात तुमच्याशी खोटं बोलले.

"उघडलं का गं?"

"हो, उघडलंय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "हो, मस्त फुललंय." तिसऱ्या दिवशी तुम्हाला झोप लागत नव्हती. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "सांग की, सकाळच्या उनात टोकं कशी दिसत्यात." आणि मी सांगितलं. टोकं हिरवट दिसतात, मध्ये जरा जांभळी झाक येते, पंपाच्या बुडबुड्यांनी सगळे हात एका बाजूला झुकतात आणि पुन्हा उभे राहतात. न अडखळता, एकामागून एक वाक्यं. तुमच्या चेहऱ्यावर समाधान पसरत गेलं. आणि मला माझीच भीती वाटली, अण्णा. मी आजवर जे काही लिहिलं, ओरडले, भिंतींवर रंगवलं, ते सगळं तुमच्या एका अटीवर उभं होतं, की छापलेलं खोटं असू नये. मी त्या खाटेशेजारी बसून एक अख्खं खोटं पान लिहिलं होतं, आणि ते माझ्या कुठल्याही पत्रकापेक्षा चांगलं उतरलं होतं.

चौथ्या दिवशी मी येऊन स्टुलावर बसले आणि तुम्ही विचारायच्या आत बोलून टाकलं. "अण्णा, ते मिटलंय. तीन दिवस झाले. मी खोटं बोलत होते."

तुम्ही उशीवरून मान माझ्याकडे वळवलीत. मला वाटलं, आता तुम्हाला काही झालं तर ते माझ्यामुळे. मग तुम्ही म्हणालात, "पानी कंचं घातलंस?"

"दोन दिवसांचं शिळं."

"कशातलं?"

"हंड्यातलं."

तुम्ही डोळे मिटलेत. "हंडा चिंचंनं घासला हुता का?"

"हो."

"मंग तांबं उतरलं पान्यात." तुम्ही कोपरावर उठायला लागलात, नर्सबाईंनी दटावून परत निजवलं. "मोरचूद म्हाईत हाय ना? द्राक्षाला फवारत्यात त्यो? बुरशी मरती त्यानं. मोरचूद म्हंजे तांबंच. मानसाला चालतं, त्याला इख हाय त्ये."

मला रडू फुटलं. तुम्ही वैतागलात. "रडाया कुनी सांगितलंय? पाय बघितलास का?"

"कसला पाय?"

"त्याचा! बूड. दगड सोडलाय का धरलाय?"

मला माहीत नव्हतं. मी बघितलंच नव्हतं. "मंग जा, बघ. आन् वास घे. मेलं तर असा वास येतो का गल्लीला कळंल. दगड धरला आसंल आन् वास नसंल, तर जितं हाय. मिटलं म्हंजे मेलं न्हाई."

मी रिक्षाने घरी आले. पेटीवर नाक टेकवलं. समुद्राचा वास होता, नासका नव्हता. दगड हलवून बघितला. ते त्याच्यासकट हललं. मी पळत कोपऱ्यावरच्या बूथवर गेले आणि इस्माईलभाईंच्या घरी फोन लावला. ते दुसऱ्या दिवशी सकाळी दोनऐवजी चार कॅन घेऊन आले. मासळी उतरवायच्या आधी आपल्या दारात टेम्पो लावला. तोपर्यंत मी हॉस्पिटलात जाऊन तुमच्या सूचना कागदावर उतरवून आणल्या होत्या. अकरा दिवसांत पहिल्यांदा तुमचा आवाज खणखणीत झाला होता. शेजारच्या खाटेवरचा पेशंट म्हणाला, "बाबा, डाक्टर हाय काय तुमी?" तुम्ही म्हणालात, "डाक्टरच्या बाटल्या पुसनारा हाय."

दगड फुलासकट उचलून नव्या पाण्याच्या प्लास्टिकच्या बादलीत ठेवायचा. पंप त्याच बादलीत सोडायचा. पेटीतलं पाणी सगळं फेकायचं. शिंपल्यांचा चुराही फेकायचा, त्यात तांबं बसतं. पेटी धुवायची, साबण नाही. दोन दिवसांनी बादलीतलं पाणी पुन्हा बदलायचं. आणि या सगळ्यात त्याला उघडायला लावायला काडीने डिवचायचं नाही.

कागदाची घडी करताना तुम्ही माझं मनगट धरलंत. "तुज्या आईला हंड्याचं सांगू नको."

"का? खरं तेच सांगायचं, असं तुम्हीच—"

"छापायचं त्ये खरंच छापायचं. पन सगळंच छापायचं, असं कुटं म्हनलो मी?"

आयुष्यभर तुम्ही मला एकच नियम दिलात आणि जाता जाता त्याच्या शेजारी दुसरा ठेवून गेलात.

शेवटच्या दोन दिवसांत तुम्ही "उघडलं का" असं विचारलं नाहीत. फक्त "पाय?" एवढंच. मी म्हणायचे, "धरलाय." तेवढं खरं होतं. शेवटच्या दुपारीही तेच विचारलंत, मी तेच सांगितलं, आणि तुम्ही मान हलवलीत. तुमच्याशी माझं शेवटचं बोलणं एका शब्दाचं झालं आणि तो शब्द खरा होता. यामुळे मी किती सुटले आहे हे तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगू? तुम्ही मला वेळ दिलात. मी कबूल करायच्या आधीच गेला असतात तर ते खोटं पान माझ्या जन्माला चिकटलं असतं.

तुम्ही गेल्यावर घर माणसांनी भरलं. बादली कोपऱ्यात होती, लोक तिला ओलांडून जात होते. काका म्हणाले, "आता त्येला कशाला ठिवता, सीना नदीत सोडून द्या, पुण्य लागंल." मी म्हणाले, काका, सीनेत ते तासाभरात मरेल. काका म्हणाले, "मंग मुळेत." त्यांच्यावर ओरडायची ताकद नव्हती, नाहीतर एक पत्रक तिथेच तोंडी काढलं असतं.

पाचव्या दिवशी सकाळी आईने मला हाक मारली. जोरात नाही. बादलीत मधोमध बोटभर रुंदीचं एक हिरवट कडं दिसत होतं. दुपारपर्यंत हात बाहेर आले. काही टोकं तुटल्यासारखी आखूड होती. पण हलत होती. आई माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "तुजा बाप त्या दिसापासनं अर्ध्या बादलीनंच अंघुळ करायचा."

"कुठल्या दिवसापासून?"

"तू त्येची लाज काढलीस त्या दिसापासनं. म्हनायचा, दीड लोट्याची भरपाई."

अण्णा, हे एक वाक्य बोलून तुम्ही ते भांडण जिंकला असतात. त्यानंतर दोन वर्षं आपण त्याच पाण्यावरून वाद घालत होतो. तुम्ही एकदाही बोलला नाहीत. मला राग येतो तुमचा. आणि त्या रागातच मला तुम्ही इतके जवळ वाटता की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

आईने आणखीही एक गोष्ट सांगितली, माझ्याकडे न बघता. "हंड्याचं पानी बाधलं न्हवं त्याला?" मी पंपाची नळी सरळ करत राहिले. तुमचा दुसरा नियम पाळला. ती म्हणाली, "मला वाटलंच. चव बदलती घासल्यावर." आणि ती उठून कामाला लागली. तुम्ही जिला जपलंत, ती तुमच्यापेक्षा खंबीर आहे. हे तुम्हाला कळायला हवं होतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. पेटी पुन्हा मांडली. फूल रोज उघडत होतं पण खात नव्हतं. कोळंबीचा तुकडा टोकांवर ठेवला की घरंगळून खाली पडायचा. मी तो काढून टाकायचे, दोन दिवसांनी नवा द्यायचे. उघडणं म्हणजे बरं होणं नाही, हे मला कळत होतं. उपाशी जीव किती दिवस दगड धरून राहील?

परवा सकाळी तुकडा ठेवला तर एक हात त्याला चिकटला. मग दुसरा. मग सगळे हात हळूहळू आत वळले, तुकडा दिसेनासा झाला आणि फूल मिटलं. पुन्हा तोच गोळा. मी वास घ्यायला पेटीवर वाकले. मग लक्षात आलं की ते जेवतंय. मी तिथेच बसून राहिले, दिवसभर आत-बाहेर करत राहिले. काल सकाळी ते पूर्ण उघडलं होतं आणि त्याने पचवून उरलेला चोथा थुंकून टाकला होता, पांढरा, बोटाच्या नखाएवढा. मी तो चिमट्याने उचलला, निरखून बघितला आणि हसायला लागले.

आई चुलीशी होती. तुम्ही गेल्यापासून माझ्या घशाखाली धड घास उतरत नव्हता, तिने आग्रह करणंही सोडलं होतं. मी ताट घेऊन बसले. एक भाकरी झाली, दुसरी झाली. तिने तव्यावर हात धरून मागे बघितलं.

"आजून टाकू?"

"टाक," मी म्हणाले.